घरच्या टँकमध्ये आफ्रिकन सिक्लिडची पैदास: इलेक्ट्रिक यलोची अंडी, आई आणि पिल्लं

आफ्रिकन सिक्लिड या शोभेच्या माशांना पिल्लं व्हावीत म्हणून फार खटपट करावी लागत नाही. निरोगी गट, स्वच्छ पाणी आणि लपायला दगड मिळाले की वर्षाच्या आत एखादी मादी तोंडात अंडी धरून, घसा फुगवून कोपऱ्यात उभी दिसतेच. घोळ होतो तो त्यानंतर. पाळणारा उत्साहाच्या भरात जाळी घेऊन टँकमध्ये हात घालतो, मादी बिथरते, अंडी थुंकते किंवा गिळून टाकते. कधी पिल्लं जगतात, मोठीही होतात, पण ती नक्की कुठल्या जातीची हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून या लेखात मी दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवणार आहे: सुरुवातीचा गट शुद्ध जातीचा निवडणं, आणि मादीच्या तोंडात अंडी असतात त्या तीन-साडेतीन आठवड्यांत तिला तिच्या कलाने राहू देणं.

एकच जात घ्या

सगळ्या आफ्रिकन सिक्लिडना एकच कृती लागू पडत नाही. टांगानिका सरोवरातले काही मासे शंखात अंडी घालतात, पश्चिम आफ्रिकेच्या नद्यांमधले काही कपारीत घालतात, तर मलावी सरोवरातल्या बहुतेक जातींच्या माद्या अंडी तोंडात धरतात. इथे मी मलावीतल्या एकाच माशाची पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. दुकानात त्याला इलेक्ट्रिक यलो किंवा यलो लॅब म्हणतात. शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. जेफ्री फ्रायर यांनी १९५६ साली या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं.

मलावी सरोवर मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांमध्ये पसरलेलं आहे आणि सर्वात खोल जागी सुमारे ७०० मीटर खोल आहे. त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. किनाऱ्यालगतच्या खडकांमध्ये राहणाऱ्या छोट्या माशांना तिथले लोक ‘म्बुना’ म्हणतात. यलो लॅब त्यांच्यातलाच. सरोवरात या जातीचे बरेचसे मासे पांढरट-निळसर असतात. आपण पाळतो तो पूर्ण पिवळा वाण पश्चिम किनाऱ्यावरच्या लायन्स कोव्हजवळच्या छोट्याशा भागातला आहे.

सुरुवात याच माशापासून करा, असं मी आग्रहाने सांगतो. म्बुनांमध्ये हा सर्वात कमी भांडखोर माशांपैकी एक. टँकमध्ये ८ ते १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. माद्या अंडी नेटाने धरून ठेवतात आणि पिल्लं लहानपणापासूनच पिवळी दिसू लागतात. ऑरॅटस किंवा डेमासोनी हे दुसरे म्बुना दिसायला कितीही देखणे असले, तरी त्यांच्या मारामाऱ्या सांभाळण्यातच पहिलं वर्ष जातं.

मासे विकत घेताना

‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशवीतून पैदाशीसाठी मासे घेऊ नका. मलावीतल्या जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की आपल्या जातीचा जोडीदार नसेल तर दुसऱ्या जातीशी त्यांचं सहज जमतं, आणि होणारी पिल्लंही पुढे पिल्लं देतात. बाजारात यलो लॅब आणि रेड झेब्रा (मलावीतलाच दुसरा मासा) यांचा संकर खूप दिसतो. तो ओळखायचा असेल तर अंगावर फिकट उभे पट्टे दिसतात का, पिवळ्यात नारिंगी झाक आहे का, ते पाहा. चांगला लॅब एकसंध पिवळा असतो आणि पाठीच्या परावर ठळक काळी रेघ असते. पोट मळकट किंवा करडं दिसणारे मासे नकोत.

जोडी मागू नका. या माशांमध्ये जोडी जमत नाही. नर एका वेळी अनेक माद्यांच्या मागे असतो, आणि त्याच्यासोबत एकटी मादी ठेवली तर तो तिला हैराण करून सोडतो. ३-४ सेंटिमीटरची आठ पिल्लं घ्यावीत आणि एकत्र वाढवावीत. मोठी झाल्यावर एक किंवा दोन नर आणि पाच-सहा माद्या ठेवून बाकीचे काढून टाकावेत. शक्यतो निम्मी पिल्लं एका विक्रेत्याकडून आणि निम्मी दुसऱ्याकडून घ्या म्हणजे सगळी भावंडं निघणार नाहीत. मात्र मुंबईत कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दोन शेजारच्या दुकानांत गेलात तर माल एकाच ठिकाणाहून आलेला असण्याची शक्यता बरीच असते. चेन्नईच्या कोळत्तूर भागात शोभेच्या माशांची मोठी पैदास चालते आणि देशभरातली दुकानं तिथून मासे आणतात. मासे कुठून आले हे विचारायला संकोच करू नका. घरी पैदास करणारा एखादा हौशी माणूस भेटला तर उत्तमच, कारण तो आईबाप मासे दाखवू शकतो.

नर-मादी ओळखताना रंगावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. मोठ्या नराचे पोटाखालचे पर काळेभोर असतात आणि तो अंगानेही भरतो, पण वरचढ मादीचे परसुद्धा काळे होतात. पोटाखालच्या मागच्या परावरचे पिवळे ठिपके दोघांनाही असू शकतात. मासा ५-६ सेंटिमीटरचा झाला की ओल्या जाळीत अलगद उलटा धरून पोटाखालची दोन छिद्रं पाहा. नराची दोन्ही छिद्रं साधारण सारखी आणि बारीक असतात. मादीचं मागचं छिद्र स्पष्ट मोठं आणि गोल दिसतं. पहिल्यांदा पाहताना गोंधळ होतो. दोन-तीन मासे एकापाठोपाठ पाहिले की फरक डोळ्यांत भरतो.

टँक आणि दगड

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच हा टँक या गटाला पुरतो. दगड आणि वाळू धरून त्यात दोनशे लिटरच्या आसपास पाणी राहतं. फक्त लॅबचाच गट असेल तर तीन फुटांतही जमतं. लांबी महत्त्वाची, उंचीने फारसं काही साधत नाही.

आधी दगड मांडा, मग वाळू टाका. हा क्रम उलटा करू नका. हे मासे दगडाखालची वाळू तोंडाने उपसतात, आणि वाळूवर टेकवलेला दगड एक दिवस घसरून काचेवर येतो. तळाच्या काचेवर पातळ थर्माकोल किंवा प्लॅस्टिकची जाळी घालून त्यावर मोठे दगड पक्के बसवा. आपल्याकडचा काळा पाषाण चांगला, फक्त घासून धुऊन घ्या. कोकणातला जांभा भुगा सोडतो, तो टाळा. दगडांच्या दोन राशी करा आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवा म्हणजे दोन नर असतील तर दोघांना आपापली हद्द मिळते. मादी शिरेल पण मोठा नर शिरणार नाही अशा अरुंद फटी जितक्या जास्त, तितक्या चांगल्या. मोकळ्या जागेत एक सपाट दगड ठेवा. अंडी बहुधा त्याच्यावर किंवा त्याच्या आडोशाला घातली जातात.

फिल्टर मोठा हवा. तासाला टँकच्या पाच ते आठ पट पाणी फिरवणारा निवडा. नवा टँक असेल तर मासे सोडण्याआधी चार ते सहा आठवडे फिल्टरमध्ये जिवाणू वाढू द्यावे लागतात. माशांच्या घाणीतून बनणारे अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी पदार्थ शून्यावर आल्याचं टेस्ट किटवर दिसेपर्यंत थांबा. आफ्रिकन सिक्लिडच्या बाबतीत ही घाई जास्त महाग पडते. पाणी अल्कधर्मी असलं की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ वरून ८ वर गेला की तो जवळजवळ दहापट होतो. टेस्ट किटवरचा जो आकडा गप्पीच्या टँकमध्ये निभावून जातो, तोच इथे माशांचे कल्ले भाजतो.

पाणी: इथे आपापल्या गावाचा हिशेब करावा लागतो

मलावी सरोवराचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो आणि पाणी मध्यम जड असतं. टँकमध्ये पीएच ७.८ ते ८.५, केएच (पीएच टिकवून धरणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं माप) ६ किंवा त्याहून जास्त आणि तापमान २५ ते २७ अंश ठेवलं की पुरे. एका विशिष्ट आकड्याचा पाठलाग करण्यापेक्षा आकडा स्थिर राहणं महत्त्वाचं आहे.

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून आणि पुण्याला खडकवासल्यातून येणारं पाणी मृदू असतं. या पाण्यात केएच कमी असल्यामुळे टँक जुना होत जातो तसा पीएच हळूहळू घसरतो. उलट मराठवाड्यात, विदर्भात किंवा कुठल्याही सोसायटीत बोअरचं जड पाणी असेल तर अर्धं काम आयतंच झालेलं असतं. त्या पाण्याने नळावर पांढरे थर धरतात, पण सिक्लिडना ते मानवतं. फक्त मीटरवर टीडीएस पाहून निर्णय घेऊ नका. टीडीएस पाण्यात किती क्षार आहेत ते सांगतो, कुठले आहेत ते सांगत नाही. केएच मोजण्याचं थेंबांचं किट स्वस्त मिळतं आणि खूप दिवस पुरतं.

मृदू पाणी असेल तर दोन उपाय एकत्र करा. पहिला, वाळूत आणि फिल्टरमध्ये कोरलचा चुरा घाला. तो सावकाश विरघळत राहतो. दुसरा, पाणी बदलताना नव्या पाण्यात खाण्याचा सोडा मिसळा. ५० लिटरला एक सपाट चहाचा चमचा सोडा घातला की केएच साधारण ३ ते ४ अंशांनी वाढतो. धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर नको, साधा खाण्याचाच सोडा. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट घालता येतं. सोडा बादलीत पूर्ण विरघळवून मगच टँकमध्ये ओता. आधीपासून मृदू पाण्यात राहणाऱ्या माशांना जड पाण्यावर न्यायचं असेल तर हा बदल दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा करा. आरओचं पाणी या माशांना मुळीच लागत नाही.

दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदला. क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानातला ‘हायपो’, किंवा चांगला डीक्लोरिनेटर वापरा. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की नळाला क्लोरीनचा वास बऱ्याचदा वाढलेला जाणवतो. त्या दिवसांत एका वेळी थोडं कमी पाणी बदला.

उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि तोंडात अंडी धरलेल्या मादीला त्याचा त्रास सर्वात आधी होतो, कारण तोंड भरलेलं असताना तिला कल्ल्यांवरून पाणी खेळवत ठेवायचं असतं. टँकवर पंखा लावा, एअर पंप जोरात चालू ठेवा, झाकण थोडं उघडं राहू द्या. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच. नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर लागतो.

खाणं

खडकांवरचं शेवाळ खरवडून खाणाऱ्या म्बुनांची आतडी लांब असतात. लॅब त्या मानाने किडे-अळ्याही खातो, पण त्यालाही रोज मांसाहारी खाणं दिलं तर पोटाचा विकार होतो. मासा फुगतो, अन्न सोडतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो. पाळणारे त्याला मलावी ब्लोट म्हणतात आणि त्यातून मासे फार क्वचित वाचतात. स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेले चांगले पेलेट रोजचं खाणं म्हणून द्या, दोन मिनिटांत संपतील एवढेच. आठवड्यातून एकदोनदा वाफवलेले, साल काढलेले मटार किंवा पालक द्या. जनावराचं मांस आणि ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) वर्ज्य. पैदाशीसाठी मादी भरावी म्हणून आठवड्यातून एकदा आर्टेमिया किंवा फ्रोझन डॅफ्निया (दोन्ही पाण्यातले कोळंबीच्या वर्गातले बारीक जीव) दिला तर चालतो. आठवड्यातला एक दिवस उपासाचा ठेवा.

अंडी घालताना काय घडतं

लॅब सहा-आठ महिन्यांत, ५-६ सेंटिमीटर झाल्यावर वयात येतात. मोठा पाणीबदल केला, नवं पाणी किंचित थंड असलं, की एकदोन दिवसांत हालचाल सुरू होते. नर सपाट दगडाभोवतीची वाळू तोंडाने उचलून बाजूला टाकतो, त्याचे पर अधिक काळे पडतात. मग तो मादीसमोर आडवा उभा राहून सगळं अंग थरथरवतो आणि आपल्या जागेकडे पोहत जातो. तयार असलेली मादी मागे येते.

दोघं एकमेकांच्या शेपटीशी डोकं ठेवून गोल फिरू लागतात. मादी दगडावर एकदोन फिकट पिवळी अंडी टाकते, लगेच वळते आणि उचलून तोंडात घेते. नर तिच्यासमोर पोटाखालचा मागचा पर पसरतो. त्यावरचे पिवळे ठिपके हुबेहूब अंड्यांसारखे दिसतात. मादी त्या ठिपक्यांना तोंड लावते, त्याच क्षणी नर शुक्र सोडतो आणि अंडी तिच्या तोंडातच फळतात. या ठिपक्यांचं काम म्हणजे मादीला चकवून शुक्र तिच्या तोंडापर्यंत पोचवणं, अशी मांडणी प्राणिवर्तनाचे अभ्यासक वोल्फगांग विकलर यांनी १९६२ साली केली. त्यावर पुढे संशोधकांमध्ये बरीच चर्चा झाली, पण काचेपलीकडे हे सगळं हातभर अंतरावर घडताना पाहिलं की ती कल्पना त्यांना का सुचली असेल हे लगेच पटतं. सगळा प्रकार अर्धा-एक तास चालतो. या वेळी टँकजवळ ये-जा करू नका, दिवे लावू-बंद करू नका.

दिव्यांचाच विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. व्हिक्टोरिया सरोवरात पाणी गढूळ होत गेलं तसे सिक्लिडच्या माद्यांना नरांचे रंग ओळखता येईनासे झाले आणि जातींमध्ये संकर वाढला, असं संशोधक ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं. माद्या रंग पाहून जोडीदार निवडतात. त्यामुळे टँकवर गडद निळा किंवा लाल दिवा लावण्याची फॅशन पैदाशीच्या टँकमध्ये नको. साधा पांढरा प्रकाश ठेवा.

तोंडात अंडी: पहिले पंधरा दिवस

अंडी धरलेली मादी ओळखायला सोपी असते. हनुवटीखालची पिशवी फुगलेली, तोंड नीट मिटत नाही, आणि चूळ भरल्यासारखी ती अधूनमधून तोंडातली अंडी खालीवर फिरवते. अंड्यांवर बुरशी धरू नये म्हणून ही हालचाल लागते. खाणं टाकलं की ती पुढे येते, पेलेटकडे बघते आणि मागे फिरते. काही माद्या बारीक कण खातात, बहुतेक काहीच खात नाहीत.

अन्न सोडलेला मासा आजारी की अंडी धरलेला, हा प्रश्न नव्या माणसाला पडतोच. फुगवटा घशाखाली असेल आणि पोट आत गेलेलं असेल तर ती आई आहे. पोट फुगलेलं आणि घसा सपाट असेल तर ब्लोटची शंका घ्या आणि मासा वेगळा करा.

ज्या दिवशी अंडी दिसली ती तारीख टँकच्या कडेला मार्करने लिहा. २६ अंशांच्या आसपास अंडी पाच ते सात दिवसांत फुटतात. बाहेर येणाऱ्या पिल्लांना मोठी पिवळी बलकपिशवी असते आणि त्यांना पोहता येत नाही. दहा-बारा दिवसांनी मादीने तोंड थोडं उघडलं की आत बारीक डोळे चमकताना दिसतात. १८ ते २५ दिवसांत बलक संपतो आणि पिल्लं बाहेर सोडण्याजोगी होतात. पाणी थंड असेल तर आणखी काही दिवस लागतात.

पहिले दोन आठवडे काहीही करू नका. दगड हलवू नका, टँक नव्याने मांडू नका, नवा मासा सोडू नका. पाणी बदला, पण सावकाश. पहिलटकरीण मादी बऱ्याचदा चार-पाच दिवसांतच अंडी गिळून टाकते. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. महिना-दीड महिन्याने ती पुन्हा अंडी घालते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बहुतेक माद्यांना नीट जमतं.

मादीला कधी आणि कसं हलवायचं

मुख्य टँकमध्येच पिल्लं सोडू दिली तर दाट दगडांमध्ये एखाद-दोन पिल्लं जगतात, बाकीची इतर मासे खातात. चार-सहा महिन्यांत एखादं पिल्लू मिळालं तरी चालेल असं वाटत असेल तर हा सर्वात सोपा मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

सगळी पिल्लं हवी असतील तर १५ ते १८व्या दिवशी मादीला वेगळ्या टँकमध्ये न्या. ४०-५० लिटरचा टँक पुरे. त्यात मुख्य टँकचंच पाणी भरा, काही आठवडे मुख्य टँकमध्ये चालवलेला स्पंज फिल्टर लावा, आणि एक मातीची कुंडी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवा. तळाला वाळू नको.

पकडण्यासाठी रात्र निवडा. दिवे मालवून एक-दोन तास झाले की मासे सुस्तावतात. मंद टॉर्च बाजूने धरा आणि जाळीने तिला हलकेच वळवत पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या. डबा पाण्याखालीच बुडवून ठेवलेला असावा. जाळीत पकडून वर काढलेली मादी अंडी थुंकते आणि ती जाळीत अडकतात. डब्यात थुंकली तरी ती पाण्यातच राहतात, आणि शांत केलं तर ती कधीकधी पुन्हा उचलूनही घेते. नव्या टँकला तिन्ही बाजूंनी कागद लावा. दोन दिवस तिकडे फिरकू नका.

काही जण मादीच्या तोंडातून पिल्लं काढून घेतात. त्याला स्ट्रिपिंग म्हणतात. मादी फार खंगली असेल किंवा एखादी मादी नेहमीच शेवटी पिल्लं गिळत असेल तरच मी ते करा म्हणेन. करायचंच असेल तर १८व्या दिवसाच्या आधी नको. आधी काढलेली अंडी किंवा बलकवाली पिल्लं त्यांना पाण्यात सतत फिरवत ठेवणाऱ्या टंबलर नावाच्या भांड्यात ठेवावी लागतात, आणि बुरशीने बरीच जातात. रुंद टबात टँकचं पाणी घ्या. हात पूर्ण ओले करा. मादीला मुठीत अलगद, डोकं खाली करून, पाण्याच्या अगदी वर धरा. बोथट प्लॅस्टिकच्या काडीने खालचा जबडा हलकेच खाली करा आणि तोंड पाण्यात बुडवून वर घ्या. पाण्याच्या झोताबरोबर पिल्लं एकेक करून बाहेर पडतात. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त तिला पाण्याबाहेर ठेवू नका. तोंड रिकामं झालं का हे पाहण्यासाठी दोनदा तपासा, कारण शेवटची दोन-तीन पिल्लं घशाशी चिकटून बसतात.

पिल्लं

यलो लॅबची मादी एका वेळी साधारण १० ते २५ पिल्लं देते, पहिल्या खेपेला त्याहून कमी. बाहेर पडतात तेव्हा ती जेमतेम सेंटिमीटरभर असतात आणि पहिल्याच दिवशी खाऊ लागतात. मादी पिल्लं सोडल्यावर खायला लागली की तिला दुसरीकडे हलवा. तिला आता भूक लागलेली असते आणि पिल्लांची राखण ती फार दिवस करत नाही.

खाणं दिवसातून तीन-चार वेळा, चिमूटभर. बारीक कुटलेले पेलेट चालतात, पण नुकत्याच निघालेल्या आर्टेमियाने वाढीत फरक दिसतो. एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली तळ कापून उलटी लावा, त्यात पाणी आणि सुमारे २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं खडे मीठ घाला, पाव ते अर्धा चहाचा चमचा आर्टेमियाची अंडी टाका आणि तळापासून हवेचे बुडबुडे चालू ठेवा. २६-२८ अंशांना २४ ते ३६ तासांत नारिंगी रंगाचे जीव वळवळू लागतात. हवा बंद करून खालच्या बाजूला टॉर्च धरा. जीव उजेडाकडे गोळा होतात, टरफलं वर तरंगतात. बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन मगच द्या. एवढी खटपट नको असेल तर टरफल काढलेली आर्टेमियाची अंडी मिळतात, ती थेट टाकता येतात.

जास्त वेळा खाणं म्हणजे जास्त घाण. दिवसाआड एअर पंपाच्या बारीक नळीने तळातली घाण ओढून घ्या आणि २०-२५ टक्के पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं असू द्या. दोन महिन्यांच्या आसपास पिल्लं इंचभर होतात. काही लवकर वाढतात आणि बाकीच्यांचं खाणं पळवतात, तेव्हा त्यांना वेगळं करा. वाकडा कणा किंवा अर्धवट पर असलेली पिल्लं पैदाशीसाठी पुढे देऊ नका.

मादीला लगेच गटात परत सोडू नका. तीन आठवडे उपाशी राहिलेल्या मादीला पाच-सात दिवस एकटीला चांगलं खाऊ घाला. पोट भरलं, रंग परतला की दिवे बंद असताना मुख्य टँकमध्ये सोडा आणि त्याच वेळी दोन-चार दगडांची जागा बदला. सगळ्यांच्या हद्दी मोडल्यामुळे तिच्या एकटीवर कुणी तुटून पडत नाही.

पिल्लांचं पुढे काय

दुकानदार ३-४ सेंटिमीटरचे मासे घेतात, पण कायम घेतीलच असं नाही. वर्षभरात एका गटातून शंभरापेक्षा जास्त पिल्लं सहज होतात. पहिली पिल्लं निघण्याआधीच ती कुणाकडे जाणार हे ठरवून ठेवा. देताना जात, आईबाप कुठून आणले होते आणि कुठल्या पाण्यात वाढवली हे लिहून द्या. संकर झाल्याची थोडी जरी शंका असेल तर ती पिल्लं स्वतःच्या टँकमध्ये ठेवा, विकू नका.

आणि काहीही झालं तरी तलावात, विहिरीत, नदीत सोडू नका. आपल्या धरणांमध्ये, विशेषतः उजनीत, मुबलक मिळणारी चिलापी म्हणजे मूळची आफ्रिकेतलीच सिक्लिड. तीसुद्धा अंडी तोंडात धरते. १९५२ साली मत्स्यशेतीसाठी ती भारतात आणली गेली आणि पिल्लं तोंडात सुरक्षित राहत असल्याने झपाट्याने पसरली. स्थानिक माशांना त्याचा फटका बसला.

वेगळी सवय असलेले दोन मासे

लॅब जमले की पुढे काय, असं बरेच जण विचारतात. जागा कमी असेल तर टांगानिकातला मल्टी, म्हणजे निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, घ्या. मादी तीनेक सेंटिमीटरची, नर त्याहून थोडा मोठा. सरोवरात हे मासे निओथॉमा नावाच्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखांत राहतात. आपल्याकडे ओढ्या-शेतात मिळणाऱ्या मोठ्या गोगलगायीचे रिकामे शंख उकळून वापरता येतात. ५०-६० लिटरच्या टँकमध्ये दोन-अडीच इंच बारीक वाळू आणि माशांच्या संख्येपेक्षा जास्त शंख ठेवा. मासे शंख हवे तसे पुरून घेतात, मादी शंखात अंडी घालते आणि पिल्लं तिथेच वाढतात. काहीही हलवावं लागत नाही.

दुसरा टांगानिकातलाच ब्रिचार्डी. कपारीत अंडी घालतो आणि आईबाप दोघंही राखण करतात. आधीच्या खेपेची मोठी भावंडं नव्या पिल्लांची राखण करायला थांबतात, त्यामुळे एका टँकमध्ये तीन-चार आकारांची पिल्लं एकत्र दिसतात. पाहायला अतिशय सुंदर, पण जोडी जमली की ती बाकीच्या मोठ्या माशांना जगू देत नाही. म्हणून सुरुवातीला सहा घेतले असतील तर दोघं एका कपारीला धरून बाकीच्यांना हाकलताना दिसताच उरलेले चार त्याच दिवशी बाहेर काढा. लॅबबरोबर एका टँकमध्ये त्यांना कधीच ठेवू नका.